एकशे एकोणतीस घोडे गेले कुठे?

१९७२ साली डेट्रॉइटहून दादाचे पत्र आले, त्यात त्याने गाडी घेतल्याची बातमी होती. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. १९६८ साली शिक्षणासाठी मिशिगनला गेला आणि तिकडचाच झाला. निळ्या एअरोग्रामवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत त्याने लिहिले होते, ‘गाडी तीन वर्षे वापरलेली आहे, पण इंजिन साडेतीनशे अश्वशक्तीचे आहे.’ पत्र आमच्या घरी नेहमीप्रमाणे जेवणाच्या पंगतीत मोठ्याने वाचले गेले. पुण्यात तेव्हा टांगे होते आणि टांगेवाल्याला एक घोडा पोसताना काय यातायात पडते, हे आजी रोज डोळ्यांनी पाहत असे. ती म्हणाली, “साडेतीनशे? अरे, मग बांधतो कुठे?”

त्या साडेतीनशे घोड्यांपैकी एकशे एकोणतीस घोडे गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये हरवले.

झाले असे, की मी दादाकडे गेलो होतो. त्याची ती गाडी, १९६९ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ, अजून त्याच्या गॅरेजमध्ये आहे. वर्षातून चार वेळा ती बाहेर पडते, बाकी काळ पांघरूण घालून बसते. दादाला ऐंशी पूर्ण होत होती. त्यानिमित्त माझा पुतण्या ती गाडी एका वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. तिथे गाडीची मागची चाके मोठ्या रुळांवर ठेवून इंजिनाची ताकद मोजण्याचे यंत्र आहे. आलेला आलेख चौकटीत बसवून बाबांना भेट द्यायचा, असा त्याचा बेत. हेतू चांगलाच होता. पण कागदावर आकडा आला २२१.

दादाने चष्मा पुसून कागद दोनदा वाचला. “यंत्र बिघडलेले असेल,” म्हणाला आणि आत निघून गेला. रात्री जेवताना फारसे बोलला नाही. “पन्नास वर्षं ज्याला त्याला साडेतीनशे सांगत आलेत,” वहिनी हळूच म्हणाल्या. पुतण्याने मला बाजूला घेऊन विचारले, “काका, कंपनीने बाबांना फसवलं होतं का हो?”

प्रश्न माझ्याकडे आला, कारण मी उभी हयात इंजिनांच्या चाचणी-विभागात घालवली आहे. पुण्याजवळच्या एका कारखान्यात इंजिन टेस्ट बेडवर चढवायचे, चालवायचे, आकडे उतरवायचे आणि सही करायची, हेच माझे काम होते. तेव्हा या घोड्यांचा हिशेब लावणे मला भाग होते.

दोन म्हातारे, दोन पक्ष

त्याच आठवड्यात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरची जत्रा होती. डेट्रॉइटपासून पॉन्टिअ‍ॅक या गावापर्यंत जाणारा हा रुंद रस्ता. साठच्या दशकात तिथल्या सिग्नलवर रात्री तरुण पोरे गाड्यांच्या शर्यती लावत. १९९५ सालापासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्याच रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तेव्हाची पोरे आता नातवंडांना घेऊन, खुर्च्या टाकून कडेला बसतात. दादा येणार नव्हता, वहिनींनी आणला.

तिथे एका उघड्या बॉनेटपाशी दोन वृद्ध गृहस्थ तावातावाने वाद घालत होते. एकाचे म्हणणे, त्या काळात कंपन्यांनी इंजिनांची ताकद मुद्दाम कमी सांगितली. ४२५ लिहिले ती इंजिने खरी ५०० ची होती. दुसऱ्याचे म्हणणे, सगळे आकडे फुगवलेले. ४२५ लिहिले ती धड साडेतीनशेचीही नव्हती. हा वाद अर्धशतकाहून जुना आहे आणि अमेरिकेत जिथे जिथे अशा गाडीचे बॉनेट उघडते तिथे तो होतो. मी ऐकत उभा राहिलो, आणि माझ्या लक्षात आले की दोघेही खरे बोलत आहेत.

ज्यांना या गाड्या ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘मसल कार’ म्हणजे मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त गाडीत कंपनीकडचे मोठ्यातले मोठे इंजिन बसवायचे. तिचा आरंभ साधारणपणे १९६४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून धरतात. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा घरचा नियम होता. पॉन्टिअ‍ॅकचे तेव्हाचे मुख्य अभियंता जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. गाडी साधीच विकायची, ३८९ घनइंचांचे इंजिन मात्र ‘ग्राहकाच्या मागणीवरून’ द्यायचे! पहिल्याच वर्षी अशा ३२ हजारांवर गाड्या खपल्या. मग फोर्ड, शेव्हर्ले, डॉज, प्लिमथ सगळेच मैदानात उतरले. क्रायस्लरचे प्रसिद्ध ४२६ घनइंचांचे ‘हेमी’ इंजिन जवळजवळ सात लिटरचे होते. आपल्या जुन्या मारुती ८००ची जवळपास नऊ इंजिने त्याच्या एकट्याच्या पोटात मावली असती. ग्राहक विशीतला, पेट्रोल स्वस्त, आणि जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा अश्वशक्तीचा.

घोडा कुणी मोजला?

मुळात हा घोडा जन्मला तोच विक्रीसाठी. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॅट यांना आपली वाफेची यंत्रे खपवायची होती, आणि गिऱ्हाइकांकडे चक्क्या फिरवणारे घोडे होते. ‘हे यंत्र किती घोड्यांचे काम करील?’ हाच प्रश्न त्यांना कळणारा होता. वॅट यांनी हिशेब मांडला. बारा फुटांच्या दांड्याला जुंपलेला घोडा तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो. गुणाकार करून, वर थोडे धरून, त्यांनी मिनिटाला ३३ हजार फूट-पौंड हा आकडा ठरवला. आपल्या भाषेत, दर सेकंदाला सुमारे ७६ किलोचे ओझे एक मीटर उचलणे. वीजवाल्यांच्या भाषेत ७४६ वॅट. साधा घोडा एवढे काम दिवसभर काही करू शकत नाही. पण घोडा सढळ हाताने धरला, की यंत्र घेणाऱ्याची तक्रार येत नाही. वॅट यांना निदान एवढी समज होती, की आकडा चुकायचाच असेल तर गिऱ्हाइकाच्या बाजूने चुकावा.

डेट्रॉइटच्या कारखान्यांत हा घोडा पोचेपर्यंत मात्र त्याचा लगाम जाहिरात खात्याच्या हाती गेला होता.

पगार आणि हातात पडणारा पगार

१९७१ पर्यंत अमेरिकेत जी अश्वशक्ती छापली जाई ती ‘ग्रॉस’, म्हणजे ढोबळ. इंजिन गाडीतून बाहेर, चाचणीच्या पाटावर चढवलेले असे. एअर क्लीनर काढलेला, पंखा नाही, अल्टरनेटर नाही, पॉवर स्टीअरिंगचा पंप नाही. गाडीखालून वाकड्यातिकड्या जाणाऱ्या एक्झॉस्टच्या नळीऐवजी आणि सायलेन्सरऐवजी मोकळ्या, सरळ नळ्या. ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचे मिश्रण त्या एका चाचणीपुरते हाताने जुळवलेले. असे हलके झालेले इंजिन जास्तीत जास्त जेवढे ओढील तेवढा आकडा जाहिरातीत. यात बेकायदा काही नव्हते. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या नियमांनाच ही ढोबळ पद्धत मान्य होती. मासिक पगार सांगावा तसा तो आकडा. प्रॉव्हिडंट फंड, आयकर, सोसायटीचा हप्ता कापून घरी येते ती रक्कम वेगळी.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या विभागात एकदा माल निघायची घाई होती. पाण्याच्या पंपाला जोडायची डिझेल इंजिने. एअर क्लीनर आणि सायलेन्सर चढवायला वेळ नाही म्हणून इंजिने तशीच चालवली, आकडा बसला, मी सही केली. काही दिवसांनी एक शेतकरी दारात उभा राहिला. म्हणाला, “साहेब, पाटीवर दहा लिहिलंय, पण पाणी काही वरच्या वाफ्याला चढत नाही.” त्याने आवाज चढवला नाही, याचीच मला जास्त लाज वाटली. इंजिन बदलून दिले गेले. पण सही माझी होती, आणि तो वरचा वाफा मी विसरलेलो नाही.

असो. १९७२च्या मॉडेलपासून अमेरिकी कंपन्या ‘नेट’, म्हणजे निव्वळ अश्वशक्ती सांगू लागल्या. इंजिनाला गाडीत जे जे लटकलेले असते ते सगळे लावून मोजलेली. सुदैवाने १९७१ साली काही कंपन्यांनी दोन्ही आकडे प्रसिद्ध केले, म्हणून आज आपल्याला तुलना करता येते. त्या वर्षीचे ४२६ हेमी ढोबळ ४२५, निव्वळ ३५०. कॉर्व्हेटमधले ४५४ घनइंचांचे इंजिन ढोबळ ३६५, निव्वळ २८५. तिचेच साधे ३५० घनइंची इंजिन ढोबळ २७०, निव्वळ २१०. यावरून कुणाला वाटेल, की सरसकट वीस टक्के वजा केले की झाले. तसेही नाही. पॉन्टिअ‍ॅकच्या ४५५ एचओ इंजिनाचे आकडे होते ३३५ आणि ३१०. तिथे कपात जेमतेम सात-आठ टक्क्यांची. कुणाचा एक्झॉस्ट मोकळा, कुणाचा चोंदलेला. कुणाचा पंखा हलका, कुणाचा जड. ढोबळावरून निव्वळ काढण्याचे एकच सूत्र नाही. प्रत्येक इंजिन वेगळे मोजावे लागते.

याच वळणावर आणखी एक घोटाळा झाला. शिशाविरहित किंवा कमी शिशाच्या पेट्रोलवर इंजिने चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१ साली इंजिनांतला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, कमी केला. त्यामुळे कॉर्व्हेटचे एलटी-१ इंजिन १९७० साली ढोबळ ३७० होते, ते १९७१ला ढोबळ ३३० झाले. त्याच इंजिनाचा निव्वळ आकडा २७५. पुढल्या वर्षी निव्वळ २५५. आता ज्याने फक्त १९७० आणि १९७२ची माहितीपत्रके पाहिली, त्याला वाटले सरकारने आणि पर्यावरणवाल्यांनी दोन वर्षांत एकशे पंधरा घोडे मारून टाकले! प्रत्यक्षात त्यातले पंचावन्न कागदावरच मेले. ते आधीही रस्त्यावर नव्हतेच. खरी घट होती, पण तिचा दोष जेवढा कायद्याला दिला गेला तेवढा त्याचा नव्हता. मोजण्याची रीत बदलली हे न सांगता दोन आकडे शेजारी ठेवले, की असा कुणाचा तरी नाहक बळी जातो.

दादाचा हिशेब

आता दादाचे साडेतीनशे. १९६९च्या जीटीओत ४०० घनइंचांचे इंजिन होते आणि माहितीपत्रकात ३५० हाच आकडा होता. दादा खोटे बोलला नव्हता. त्याने छापील तेच सांगितले. हा आकडा ढोबळ. एअर क्लीनर, पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर यांची वजाबाकी करा: अशा इंजिनात सत्तर ते ऐंशी घोडे त्यात जातात. राहिले २७०-२८०. पण वर्कशॉपमधल्या यंत्राने इंजिन मोजलेच नव्हते, त्याने चाके मोजली. इंजिनापासून चाकापर्यंत जाताना गिअरबॉक्स, लांब शाफ्ट, डिफरन्शिअल, टायर हे सगळे आपापला हिस्सा घेतात. पंधरा-वीस टक्के सहज. म्हणजे आणखी चाळीस-पन्नास गेले. उरलेले पाच-दहा घोडे पन्नाशी ओलांडलेल्या इंजिनाचे वय म्हणून सोडून द्यायला हरकत नाही. माझ्या वहीच्या पानावर हिशेब जुळला. एकही घोडा चोरीला गेला नव्हता. काही जन्मालाच फक्त पाटावर आले होते, काही वाटेत खर्ची पडले होते.

शिवाय दादाला इतकी वर्षे जे आठवत आले ते अश्वशक्तीचे नव्हतेच. सिग्नल हिरवा होताच पाठ सीटमध्ये रुतते ती टॉर्कमुळे, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोरामुळे. या मोठ्या इंजिनांचा जोर अगदी कमी फेऱ्यांपासून तयार असे. तो धक्का कोणत्याही पद्धतीने मोजला तरी खराच होता.

लपवलेले घोडे

मग वुडवर्डवरचा तो पहिला म्हातारा खरा कसा? गंमत अशी, की त्याच काळात, त्याच कंपन्यांनी, काही इंजिनांची ताकद खरोखरच चोरून ठेवली.

ठळक उदाहरण कॉर्व्हेटच्या एल-८८चे. १९६७ साली कॉर्व्हेटच्या एका ४२७ घनइंची इंजिनाचा छापील आकडा ४३५ होता. एल-८८ त्याच आकाराचे, पण शर्यतीसाठी घडवलेले, आणि त्याचा छापील आकडा ४३०! म्हणजे जबर इंजिन पाच घोड्यांनी दुबळे. प्रत्यक्षात मोकळ्या एक्झॉस्टवर ते पाचशेच्या वर जाते, हे जाणकारांना माहीत होते. अजाण श्रीमंताने ४३५ वाले घ्यावे आणि ज्याला कळते त्यानेच हे मागावे, अशी ती व्यवस्था. एल-८८ बरोबर हीटर आणि रेडिओ मिळत नसे आणि १०३ ऑक्टेनचेच पेट्रोल घाला अशी सूचना गाडीत चिकटवलेली असे. तीन वर्षांत अशा फक्त २१६ गाड्या बनल्या.

१९६८च्या फोर्ड मस्टँगमध्ये ३९० घनइंचांच्या इंजिनाला ३२५ अश्वशक्ती आणि त्याहून कितीतरी मोकळा श्वास घेणाऱ्या ४२८ कोब्रा जेटला अवघी ३३५. हेमी तर १९६६ पासून १९७१ पर्यंत ४२५ वरून हललेच नाही. मधल्या काळात कॅमशाफ्ट बदलला, आणखी सुधारणा झाल्या, आकडा तोच. त्यातली मेख अशी, की ४२५ हा आकडा पाच हजार फेऱ्यांना दिलेला होता आणि इंजिन त्यापुढेही चढत होते. पाच हजार फेऱ्यांना ते ४२५ देते, हे विधान खोटे नाही. फक्त सर्वोच्च बिंदूच्या अलीकडे थांबून केलेले आहे.

कशासाठी हा उलटा कारभार? कारणे तीन. पहिले शर्यतीचे. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या शर्यतींत गाडीचा वर्ग तिच्या वजनाला छापील अश्वशक्तीने भागून ठरत असे. आकडा कमी, तर वर्ग सोपा आणि विजय स्वस्त. हे ओळखून त्या संस्थेने पुढे स्वतःच अनेक इंजिनांचे आकडे वाढवून धरायला सुरुवात केली. दुसरे कारण विम्याचे. विशीतली पोरे या गाड्या झाडांवर आणि खांबांवर घालू लागली, तेव्हा साठच्या दशकाच्या अखेरीस विमा कंपन्यांनी जास्त अश्वशक्तीच्या गाड्यांचे हप्ते भरमसाट वाढवले. तिसरे कारण घरचेच. कॉर्व्हेट सोडून इतर गाड्यांत दहा पौंड वजनामागे एकापेक्षा जास्त अश्वशक्ती नको, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. म्हणून १९६७ साली ४०० घनइंचांचे इंजिन जीटीओत ३३५ चे असले, तर हलक्या फायरबर्डमध्ये ३२५ चे. कार्ब्युरेटरच्या दांडीवर एक लहानशी पट्टी बसवलेली होती, ती झडपा पूर्ण उघडू देत नसे. गिऱ्हाइकाने पट्टी वाकवली, की मोकळे!

आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. शेतीपंपाचे वीजबिल जिथे मीटरवर नसून अश्वशक्तीवर ठरते, तिथे पाचाच्या मोटरीवर तिनाची पाटी कशी चढते, हे गावोगाव माहीत आहे. आकड्याला पैसे मिळत असतील तर तो फुगतो, आकड्यावर पैसे भरायचे असतील तर तो आक्रसतो. मोटर तीच, विहीर तीच.

मग खरे कसे कळावे?

लोक म्हणतील, आता यंत्रे आहेत, जुनी इंजिने पुन्हा मोजा. मोजतातही. पण आज मोजले जाणारे इंजिन १९६९चे राहिलेले असते का? सिलिंडर घासून मोठे केलेले, रिंगा नव्या, तेल आजचे, सगळी मापे घड्याळजीच्या हाताने जुळवलेली. कारखान्याच्या साखळीवरून मिनिटामिनिटाला उतरणारी इंजिने अशी नव्हती. एकासारखे दुसरे नव्हते. त्यात हवेचा हिशेब. गार, दाट हवेत इंजिन जास्त ओढते, म्हणून मोजलेला आकडा ठरावीक हवामानाला जुळवून सांगतात. जुना नियम साधारण साडेपंधरा अंश सेल्सिअसचा, नवा पंचवीसचा. एवढ्यानेच चार-पाच टक्के फरक पडतो. आणि आजही अनेक वर्कशॉपवाले गिऱ्हाइकाला खूश ठेवायला जुनाच नियम लावतात.

त्यातल्या त्यात साधा साक्षीदार म्हणजे पाव मैलाची धाव. त्या धावेच्या शेवटी गाडीचा वेग किती होता, यावरून ताकदीचा अंदाज येतो. वेगाला २३४ने भागा, आलेल्या आकड्याचा घन करा, गाडीच्या पौंडांतल्या वजनाने गुणा. समजा चालकासकट ३,८०० पौंडांची गाडी तासाला १०८ मैलांवर पोचली, तर उत्तर ३७०-७५च्या आसपास येते. जाहिरातीत ४५० लिहिले काय नि ४०० लिहिले काय, रस्त्यावर एवढेच आले. पण साक्षीदार फितूरही होतो. १९६४ साली ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने फेरारीच्या नावाशी नाव जोडून गाजवलेल्या जीटीओच्या चाचणीत ३८९ऐवजी गुपचूप मोठे ४२१ घनइंचांचे इंजिन होते, हे पॉन्टिअ‍ॅकची जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनी अनेक वर्षांनी कबूल केले. तोवर एक पिढी ते आकडे पाठ म्हणून मोठी झाली होती.

निव्वळ पद्धत आल्यावरही प्रश्न मिटला असे नाही. १९९९च्या मस्टँग कोब्राची अश्वशक्ती ३२० सांगितली होती. मालकांनी यंत्रावर चढवून ती भरत नाही असे दाखवले, तेव्हा फोर्डला गाड्या परत बोलावून दुरुस्त करून द्याव्या लागल्या. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत आशादायक घटना, कारण तिथे आकडा विकत घेणाऱ्याने तपासला. पुढे २००५ च्या सुमारास सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने नियम आवळले आणि त्रयस्थ साक्षीदारासमोर चाचणी करून आकडा प्रमाणित करण्याची सोय केली. सोय म्हणतो, सक्ती नव्हे. नव्या नियमांनी मोजल्यावर टोयोटा कॅमरीचे तीन लिटरचे इंजिन २१० वरून १९० वर उतरले. कॉर्व्हेटचे एलएस-७ इंजिन मात्र ५०० सांगितले होते, ते ५०५ भरले. इंजिनांत काही बदल झाला नव्हता. समोर एक तिसरा माणूस वही घेऊन उभा होता, एवढाच फरक.

तो तिसरा माणूस फार महत्त्वाचा, असे मला वाटते. पुण्यातल्या एआरएआयने प्रमाणित केलेले मायलेज आपण गाडीच्या जाहिरातीत वाचतो आणि कात्रजचा घाट चढताना ते काही मिळत नाही, म्हणून चरफडतो. पण चाचणीतली गाडी ठरावीक वेगाने, ठरावीक तापमानात रुळांवर चालते, हे कुणी आपल्याला जाहिरातीतच सांगितले असते तर चरफडायचे कारण नव्हते. सगळ्या गाड्यांना एकच रीत लावली असेल, तर तो आकडा तुलनेला उत्तम आहे. घरचे अंदाजपत्रक त्यावर बेतू नये, इतकेच. विजेवरच्या गाडीची एका चार्जमधली धाव, इन्व्हर्टरचे तास, एअर कंडिशनरचे तारे, यांतल्या कोणत्याही आकड्यापुढे माझी एकच मागणी आहे. आकडा जेवढ्या मोठ्या अक्षरात छापता, तेवढ्याच अक्षरात तो कसा मोजला तेही छापा. आणि ग्राहकांनी तो प्रश्न दुकानात उभे राहून, न लाजता विचारावा. माझ्या दारात आलेल्या त्या शेतकऱ्याला ढोबळ-निव्वळ ठाऊक नव्हते. पाणी कुठवर चढायला हवे, ते त्याला पक्के माहीत होते.

परतायच्या आदल्या रात्री मी वहीचे पान दादासमोर ठेवले. तोही इंजिनिअर. ओळीवर बोट ठेवत त्याने सगळे आकडे तपासले, एका बेरजेत माझी चूकही काढली. मग उठून गॅरेजमध्ये गेला. गाडीच्या पुढच्या कप्प्यात १९६९चे माहितीपत्रक अजून होते. त्याच्या शेजारी त्याने २२१चा कागद घडी करून ठेवला.

“मग आता कुणी विचारलं तर किती सांगायचे?” मी विचारले.

दादाने कप्पा बंद केला. “साडेतीनशेच,” म्हणाला, “पण पंखा काढून.”